आवाजाचा झोत आणि शांततेची मालकी

अक्षय्य तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात. माहेरवाशिणींनी झाडाला झोके बांधावेत आणि झोक्यावर बसून गाणी म्हणावीत, असा हा सण. त्या गाण्यांचा आवाज फार तर शेजारच्या आळीपर्यंत पोहोचत असे, आणि ज्याला तो ऐकायचा नसेल त्याला आपले दार लोटून घेता येत असे. आज त्याच आखाजीच्या मुहूर्तावर जळगाव-धुळ्याच्या मंगल कार्यालयांत आणि शहराबाहेरच्या लॉन्सवर लग्ने लागतात, वरातीपुढे ध्वनिक्षेपकांची भिंत रचलेली गाडी चालते, आणि दार लोटून घेतले तर दारच थरथरू लागते. या गाडीचे भाडे लग्नघर देते. परंतु गाडीची सगळी किंमत ते देत नाही. उरलेली किंमत रस्त्याच्या दुतर्फा राहणारे आजारी, तान्ही मुले, रात्रपाळीहून परतलेले कामगार आणि परीक्षार्थी विद्यार्थी चुकती करतात. त्यांना कोणी विचारलेले नसते, आणि त्यांच्या हाती पावतीही पडत नाही.

या त्रासावर विज्ञानाने तोडगा काढला आहे, असे कोणी सांगितले तर मन लगेच तिकडे धावते. एक चपटी तबकडी भिंतीला वा छताला लावावी, विजेरीचा झोत टाकावा तसा तिने आवाजाचा झोत टाकावा, झोतात उभ्या असलेल्या माणसाला शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू यावा आणि दोन पावले बाजूला सरकलेल्या माणसाला जवळजवळ काहीच ऐकू येऊ नये, असे हे यंत्र. ही कल्पनाकथा नव्हे. अशी यंत्रे गेली वीस-पंचवीस वर्षे जगाच्या बाजारात विक्रीला आहेत. तेव्हा आपल्या गोंगाटाचा प्रश्न या यंत्राने सुटेल काय, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे उत्तर थोडे ‘हो’ आणि बरेचसे ‘नाही’ असे आहे. आणि ते ‘नाही’ का, हे समजून घेण्यातच आपले खरे हित आहे.

झोत कसा तयार होतो

आवाज पसरतो की सरळ जातो, हे त्याच्या तरंगलांबीवर आणि तो निर्माण करणाऱ्या पृष्ठभागाच्या आकारावर अवलंबून असते. पृष्ठभाग तरंगलांबीपेक्षा बराच मोठा असेल तर झोत तयार होतो; लहान असेल तर आवाज चहूकडे पसरतो. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. त्यामुळे सेकंदाला १००० कंपने असलेल्या स्वराची तरंगलांबी ३४ सेंटिमीटर भरते. असा स्वर झोतात बांधायचा तर ध्वनिक्षेपक काही मीटर रुंद करावा लागेल. उलट, सेकंदाला ४० हजार कंपने असलेल्या ध्वनीची तरंगलांबी जेमतेम साडेआठ मिलिमीटर असते, आणि ताटाएवढ्या तबकडीतूनही त्याचा उत्तम झोत निघतो. अडचण एवढीच, की माणसाच्या कानाची मर्यादा सुमारे २० हजार कंपनांपाशी संपते. त्यापलीकडच्या ध्वनीला शास्त्रीय परिभाषेत श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. वटवाघूळ त्याच्या आधारे अंधारात वाट काढते, आणि सोनोग्राफीच्या यंत्रात डॉक्टर मंडळी त्याचाच उपयोग करतात.

जो झोतात बांधता येतो तो ऐकू येत नाही, आणि जो ऐकू येतो तो झोतात बांधता येत नाही, असा हा पेच. तो हवेच्याच एका स्वभावदोषाने सुटला. हवा मंद ध्वनी इमानाने वाहून नेते. परंतु ध्वनी अतितीव्र झाला की तिच्याकडून तरंगाचा आकार किंचित बिघडतो. या बिघाडात दोन उच्च स्वरांच्या फरकाइतक्या कंपनांचा एक तिसराच, खालचा स्वर उपजतो. म्हणून श्राव्यातीत ध्वनीवर बोलण्याचा वा गाण्याचा ठसा उमटवून तो झोत सोडला, की वाटेतली हवाच तो ठसा उलगडते आणि ऐकू येणारा आवाज झोताच्या मार्गावर, हवेतच, जन्म घेतो. ध्वनिक्षेपक येथे तबकडी नसून समोरचा हवेचा स्तंभ असतो.

अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाचे पीटर वेस्टरव्हेल्ट यांनी १९६३ साली याचे गणित मांडले. त्याचा पहिला उपयोग पाण्याखालच्या शोधयंत्रांत झाला. हवेतही हे घडते, हे १९७५ मध्ये बेनेट आणि ब्लॅकस्टॉक यांनी दाखविले. १९८३ मध्ये जपानच्या मासाहिदे योनेयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो लहान स्पंदके एका चौकटीत बसवून या तत्त्वावरचा ध्वनिक्षेपक बनविला. मात्र त्यातून निघणारा आवाज बराच विकृत होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील जोसेफ पॉम्पेई यांनी ठसा उमटविण्याच्या गणितात सुधारणा करून ती विकृती पुष्कळ कमी केली, आणि त्याच सुमारास वुडी नॉरिस या अमेरिकी संशोधकानेही आपले यंत्र पुढे आणले. नॉरिस यांना २००५ साली लेमेलसन-एमआयटी पारितोषिकही मिळाले. तात्पर्य, हे तंत्र नवे वाटले तरी त्यामागे साठ वर्षांची तपश्चर्या आहे.

दवंडी आणि कानगोष्ट

आपल्याकडे आवाजाचे दोन जुने प्रकार आहेत: दवंडी आणि कानगोष्ट. दवंडी सर्वांसाठी असते, कानगोष्ट एकासाठी. ध्वनिक्षेपक आला तेव्हापासून आपण प्रत्येक कानगोष्टीची दवंडी करीत आलो. या नव्या यंत्राने प्रथमच दूर उभ्या असलेल्या माणसाला, त्याच्या कानात काहीही न खुपसता, कानगोष्ट सांगता येते. त्याचे खरे मोल येथे आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांपुरता विचार केला तरी अशा जागा सहज डोळ्यांपुढे येतात. जळगावच्या जैन हिल्सवरील ‘गांधीतीर्थ’ हे २०१२ साली सुरू झालेले संग्रहालय दृक्‌श्राव्य माध्यमांच्या साहाय्याने महात्माजींचे जीवन उभे करते. अशा दालनांत एका चित्रासमोरचे निवेदन दुसऱ्या चित्रासमोरच्या निवेदनात मिसळू न देणे, ही जगभरच्या संग्रहालयांची डोकेदुखी असते, आणि हे यंत्र आजवर सर्वाधिक वापरले गेले ते तेथेच. धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळासारख्या १९२७ पासूनच्या संस्थेत मूर्तीपुढे उभ्या राहिलेल्या शाळकरी मुलाला तिची माहिती ऐकवावी आणि कागदपत्रांवर मान घालून बसलेल्या अभ्यासकाची तंद्री मोडू नये, ही दोन्ही कामे एकाच वेळी साधता येतील. अजिंठ्याला जळगावहून जाणाऱ्या प्रत्येकाने एकाच लेण्यात तीन भाषांतले तीन वाटाडे एकमेकांवर आवाज चढविताना ऐकले असतील. तेथेही हा उपाय सुचेल. मात्र कठीण, सपाट दगडावर हा झोत आरशावरच्या उजेडासारखा परावर्तित होतो, हे ध्यानात ठेवावे लागेल.

संग्रहालयापेक्षा अधिक निकडीची जागा रुग्णालयाची. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो वा जळगावचे शासकीय रुग्णालय, बाह्यरुग्ण विभागात रुग्णाचे नाव सर्वांदेखत पुकारले जाते. ज्या आजाराचे नाव घेताना माणूस घरातही आवाज खाली आणतो, त्या आजाराच्या खिडकीपुढे उभे असताना आपले नाव शंभर लोकांनी ऐकावे, हा गरिबांच्या वाट्याला येणारा अपमान आहे. पैसेवाल्याला तो खासगी दवाखान्यात सोसावा लागत नाही. बँकेच्या आणि तहसील कचेरीच्या खिडकीपाशीही हेच. भुसावळसारख्या जंक्शनवर एका फलाटाची सूचना सर्व फलाटांवर, तीनही भाषांत घुमते आणि ज्याला ती हवी असते त्यालाच नेमकी कळत नाही. अशा ठिकाणी आवाज वाढवून काही साधत नाही. तो ज्याच्या कामाचा त्याच्यापाशी नेऊन सोडणे, हाच उपाय आहे.

किंमत हा अडथळा आहे. साध्या ध्वनिक्षेपकाच्या मानाने ही यंत्रे कितीतरी महाग पडतात, आणि त्यांत खर्च झालेल्या विजेचा फारच अल्प अंश ऐकू येणाऱ्या आवाजात उतरतो. परंतु ४० हजार कंपनांची लहान स्पंदके ही दुर्मिळ वस्तू नव्हे. अंतर मोजणाऱ्या स्वस्त उपकरणांत तीच असतात आणि आपल्याकडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील आणि जळगाव, धुळे, शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी अशी पन्नास-शंभर स्पंदके जोडून एखाद्या रुग्णालयाच्या खिडकीसाठी नमुना तयार करावा, हे मुळीच अशक्य नाही. दरवर्षी त्याच त्या विषयांवर केल्या जाणाऱ्या प्रकल्पांपेक्षा तो निश्चितच उपयोगी ठरेल.

वरातीचा ठोका झोतात मावत नाही

आता ‘नाही’ची बाजू. आपल्या रस्त्यांवर जो आवाज छातीत धडधडतो आणि खिडकीची तावदाने हलवितो, तो निवेदकाचा वा गायकाचा नसतो. तो ढोलाच्या ठोक्याचा, सेकंदाला ४० ते १०० कंपने असलेला खर्जाचा आवाज असतो. ५० कंपनांच्या स्वराची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर, म्हणजे दोन मजली घराइतकी. त्याला सरळ झोतात बांधायला त्याहून कितीतरी मोठे यंत्र लागेल. आणि श्राव्यातीत ध्वनीची युक्ती नेमकी येथेच हार खाते: हवेत उपजणारा स्वर एका सप्तकाने खाली आला की त्याची पातळी सुमारे १२ डेसिबेलने घटते. १००० कंपनांपासून ५० कंपनांपर्यंत चार सप्तकांहून अधिक उतरावे लागते. म्हणजे खर्जाचा आवाज पन्नास डेसिबेलने खाली जातो. तो नाहीसाच होतो म्हटले तरी चालेल. हे यंत्र माणसाचे बोलणे उत्तम पोहोचवील, बासरी बरी वाजवील. परंतु वरातीला जो ठोका हवा असतो तो त्याच्याकडून कधीही निघणार नाही. हा कारागिरीतला दोष नसून सृष्टीचा नियम आहे, आणि नियमाला अनुदान देऊन बदलता येत नाही.

याचा अर्थ खर्जाच्या आवाजावर काहीच इलाज नाही, असा नव्हे. मोठ्या मैफलींतून काही पेट्या उलट्या तोंडाने ठेवून आणि त्यांचा आवाज किंचित उशिरा सोडून मागच्या बाजूचा ठोका बराच कमी करतात. मंडपात एक प्रचंड भिंत उभारण्याऐवजी ठिकठिकाणी लहान ध्वनिक्षेपक मंद आवाजात लावले तर प्रत्येकाला नीट ऐकू येते आणि मंडपाबाहेर फारसे काही जात नाही. कारण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबेलने उतरतो, आणि भिंतीला शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे म्हणून पहिल्या रांगेचे कान फोडावे लागतात. या दोन्ही उपायांत नवे काही नाही. आवाजाची गाडी पुरविणाऱ्या व्यावसायिकांपैकी अनेकांना ते माहीत असतील. मग ते वापरात का येत नाहीत? कारण त्यांची मागणी कोणी करीत नाही. विज्ञानाचा प्रश्न येथे संपतो आणि अर्थशास्त्राचा सुरू होतो.

शांतता कोणाच्या मालकीची?

पदवीच्या वर्गात बाह्य परिणामांचे प्रकरण शिकविताना इंग्रजी पाठ्यपुस्तकांतले कारखान्याच्या धुराचे उदाहरण देण्याची रीत आहे. खान्देशातील विद्यार्थ्याला त्यापेक्षा वरातीचे उदाहरण लवकर समजते. ज्या व्यवहाराचा भार व्यवहाराबाहेरच्या माणसावर पडतो, त्या व्यवहाराचे प्रमाण समाजाला परवडेल त्याहून नेहमीच अधिक राहते. म्हणून त्या भाराइतका कर बसवावा, असे आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये सांगितले. चाळीस वर्षांनी, १९६० मध्ये, रोनाल्ड कोस यांनी या विचाराला वेगळे वळण दिले. आणि त्यांनी घेतलेल्या उदाहरणांपैकी एक आवाजाचेच होते. लंडनमधील एका मिठाईवाल्याच्या खलबत्त्यांचा आवाज वर्षानुवर्षे चालू होता. शेजारच्या डॉक्टरने परसात त्या भिंतीलगत तपासणीची खोली बांधली, तेव्हा भांडण उभे राहिले. १८७९ मध्ये न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला. कोस यांचे म्हणणे असे, की हक्क कोणाचा हे एकदा स्पष्ट झाले आणि वाटाघाटीला खर्च येत नसला, तर दोघे शेजारी आपापसांत तडजोड करून उभयतांच्या हिताचा मार्ग काढतील.

परंतु त्या सिद्धान्तातील ‘वाटाघाटीला खर्च येत नसला तर’ हे शब्द आपल्या रस्त्यावर लागू पडत नाहीत. मिठाईवाला एक होता आणि डॉक्टर एक होता. येथे वरात एक असते आणि शेजारी हजार. त्या हजारांनी एकत्र येऊन वर्गणी काढावी आणि लग्नघराशी सौदा करावा, हे घडणारे नाही. शिवाय ज्याच्या घरी आज लग्न आहे तो उद्याचा शेजारी आहे आणि आजचा शेजारी उद्याचा यजमान. ‘आपल्याकडे कार्य असेल तेव्हा तेही सोसतीलच’ या हिशोबाने प्रत्येक जण गप्प बसतो. यात सामंजस्य दिसते, पण ते फसवे आहे. कारण मागच्या वरातीपेक्षा आपली वरात कमी वाजली तर चारचौघांत मान खाली जाते, म्हणून प्रत्येक जण एक पेटी वाढवितो, आणि सर्वांच्या पेट्या वाढल्यावर कोणाचीच प्रतिष्ठा वाढत नाही. डेसिबेलचे माप असे, की १० डेसिबेल वाढले म्हणजे ध्वनिऊर्जा दहापट होते. ७५ वरून १०५ वर गेलो म्हणजे आपण हजारपट पुढे गेलो. आणि जागच्या जागीच राहिलो. या चढाओढीत एक बळीही पडला आहे. सनई-संबळाचे आणि पितळी वाद्यांच्या खान्देशी बॅण्डचे जे काम वीस-पंचवीस वादकांच्या घरची चूल पेटवीत असे, ते एका गाडीने आणि दोन-तीन माणसांनी बळकावले.

म्हणून हक्क स्पष्ट करणे हे कायद्याचेच काम ठरते, आणि कागदावर ते झालेले आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल, आणि रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या भोवतालच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४० ही मर्यादा आहे. बोलण्याच्या हक्कात दुसऱ्याला ऐकायला भाग पाडण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये शासनाला अंमलबजावणीचे सविस्तर आदेश दिले. आणि जानेवारी २०२५ मध्ये, ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही असे म्हणून, आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊच नये अशी सोय यंत्रातच करण्याचा मार्गही सुचविला. शांततेची मालकी शेजाऱ्याची आहे, हे इतक्या वेळा ठरले आहे. ठरलेले नाही ते एवढेच, की त्याच्या दारी ती कोण पोहोचवून देणार.

मालकी खरी असली की तंत्रज्ञान आपोआप कसे येते, याचे एक उदाहरण दूर जाऊन शोधायला नको. गोव्यात काणकोण तालुक्यातील पाळोळे किनाऱ्यावर रात्री दहानंतर मोकळ्या जागेत संगीत वाजविता येईना, तेव्हा तेथील व्यावसायिकांनी नाचणाऱ्यांच्या कानांवर हेडफोन चढविले. मेळावा चालू, किनारा शांत. ते हेडफोन कोणी गोव्यासाठी शोधले नव्हते. दहाची मर्यादा पाळावी लागली म्हणून त्यांना गिऱ्हाईक मिळाले. आवाजाचा झोत टाकणारे यंत्रही असेच आहे. जोवर शेजाऱ्याची झोप फुकट मोडता येते, तोवर ती न मोडणारे यंत्र विकत घेणारा माणूस मूर्खच ठरेल.

कानाला पापणी नसते

या यंत्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डिसेंबर २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रस्त्यावर भुताखेतांच्या दूरचित्रवाणी मालिकेची जाहिरात करण्यासाठी उंचावरून असा झोत पदपथावर सोडण्यात आला. जाणाऱ्या-येणाऱ्याला कोणीतरी अगदी कानाशी कुजबुजल्याचा भास होई, आणि शेजारून चालणाऱ्याला काहीच ऐकू येत नसे. लोक दचकले, चिडले. दवंडीचा त्रास सर्वांना होतो म्हणून तिच्याविरुद्ध सर्वांना मिळून ओरडता येते. कानगोष्टीचा त्रास एकट्याला होतो आणि त्याला साक्षीदार नसतो. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. निवडणुकीच्या दिवसांत प्रत्येक रांगेतल्या मतदाराच्या कानात निराळे आश्वासन सोडता आले तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

याच घराण्यातले नाही, पण शेजारचे म्हणता येईल असे दुसरे एक यंत्र आहे. २००० साली अमेरिकी युद्धनौकेवर झालेल्या हल्ल्यानंतर, दूरवर इशारा देण्यासाठी ते बनविले गेले. श्राव्य ध्वनीचाच तीव्र, सरळ मारा ते करते, आणि २००९ मध्ये पिट्सबर्ग येथे निदर्शकांना पांगविण्यासाठी त्याचा वापर झाला. आवाजाला दिशा देता आली म्हणजे त्याला नेमही धरता येतो, हे विसरून चालणार नाही.

शिवाय कायद्याचे माप या बाबतीत अपुरे आहे. नियमांतील डेसिबेल मोजताना मंद आवाज ऐकणाऱ्या मानवी कानाच्या संवेदनेप्रमाणे वजन दिले जाते. त्या मापात ५० कंपनांचा ठोका प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३० डेसिबेल कमी भरतो, आणि श्राव्यातीत ध्वनी तर जवळपास मोजलाच जात नाही. म्हणजे जो खर्ज तावदाने हलवितो त्याला आपले माप निम्मेशिम्मेच ऐकते, आणि झोतयंत्रातून शंभर डेसिबेलच्या वर निघणाऱ्या मूळ ध्वनीला ते बहिरे आहे. तो ध्वनी आपल्याला ऐकू येत नसला तरी कुत्र्यांना आणि वटवाघळांना येतो, आणि लहान मुलांची श्रवणमर्यादा मोठ्यांपेक्षा वरची असते. रुग्णालयात वा शाळेत हे यंत्र बसविताना हा विचार आधी करावा लागेल.

काय करता येईल

जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांना महानगरपालिका आहेत. दोन्हीकडे मंगल कार्यालयांना परवाने द्यावे लागतात आणि मिरवणुकांना पोलिसांची परवानगी लागते. तेव्हा नवा कायदा न करताही पुष्कळ काही साधण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट, परवानगी देताना अनामत रक्कम घ्यावी. मंडपाच्या वा कार्यालयाच्या हद्दीवर ध्वनिमापक ठेवावा, त्याची नोंद सर्वांना दिसेल अशी लावावी, आणि मर्यादा पाळली गेली तर ती रक्कम दुसऱ्या दिवशी परत करावी. दंड वसूल करण्यापेक्षा अनामत परत न करणे नेहमीच सोपे असते. पर्यावरण संरक्षण कायद्यातील तुरुंगवासाची मूळ शिक्षा २०२३ च्या जनविश्वास कायद्याने काढून टाकली आणि तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड ठेवला. हा बदल योग्य की अयोग्य, यावर मतभेद असू शकतील; परंतु शिक्षेची जागा रकमेने घेतल्यावर ती रक्कम खरोखर वसूल झाली नाही, तर उरते ते केवळ उपचारापुरते कायदेपुस्तक. आणि वसूल झाली पण नाममात्र झाली, तर लग्नाच्या खर्चाच्या यादीत आचाऱ्याखाली आणखी एक ओळ वाढेल, एवढेच.

दुसरी गोष्ट, मोजताना खर्जालाही न्याय देणारे माप सोबत ठेवावे. ध्वनिमापकांत ती सोय असते. ती वापरायची एवढेच. तिसरी, बसस्थानके, रुग्णालये, कचेऱ्या यांच्या नूतनीकरणात कर्ण्यांऐवजी लहान वा दिशानिष्ठ ध्वनिक्षेपकांचा विचार व्हावा. अनुकरण खाली झिरपावे असे वाटत असेल, तर सरकारी भोंगा आधी खाली उतरला पाहिजे. चौथी, सार्वजनिक वाटेवर चालणाऱ्याच्या कानात त्याच्या संमतीवाचून जाहिरातीचा झोत टाकण्यास दोन्ही महानगरपालिकांनी आताच मज्जाव करावा. यंत्र महाग आहे तोवर हे सोपे आहे. ते स्वस्त झाल्यावर त्याच्यामागे हितसंबंध उभे राहतील.

हे सारे सुचविताना उत्सवाचा आवाज बंद करावा, असा अभिप्राय नाही. जळगावात कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो तेव्हा त्याच्या भोवतीचे भजन आणि जयघोष ही सर्वांसाठीची दवंडी असते, आणि ती तशीच असली पाहिजे. पहाटेची भूपाळी, अजान, शाळेची घंटा, पुराचा इशारा, हे आवाज गावाचे असतात. ते झोतात बांधून ज्याच्या त्याच्या कानात घातले तर गाव एकत्र येण्याचे एक कारणच कमी होईल. रथाभोवती टाळ वाजविणाऱ्याचे हात दुखतात, घसा बसतो, म्हणून त्या आवाजाला आपोआप मर्यादा पडते. विजेवर चालणाऱ्या भिंतीला घसा नाही आणि हातही नाहीत. तिची मर्यादा बाहेरूनच घालावी लागते.

आवाजाचा झोत टाकणारी तबकडी उद्या आपल्या रुग्णालयांत आणि संग्रहालयांत आली, तर तिचे स्वागत करावे. परंतु ती येईल आणि वरात शांत होईल, या आशेवर आज कोणी स्वस्थ बसू नये. तिचा झोत कोणत्या दिशेला सोडायचा हे जसे ती स्वतः ठरवीत नाही, तसेच रात्री साडेअकराला आजारी शेजाऱ्याच्या खिडकीखाली ठोका वाजावा की नाही, हेही कोणतेच यंत्र ठरविणार नाही. तो हक्क कायद्याने शेजाऱ्याला दिलेला आहे. येत्या लग्नसराईत निदान एका रस्त्यावर तरी तो त्याच्या पदरात पडला, तर पुढच्या यंत्रांना गिऱ्हाईक आपोआप मिळेल.